पहिल्या ऑडिशनची तालीम

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका देवळाचा सभामंडप दुपारची आरती आटोपली की मोकळा होतो, आणि मग एक तरुणी संहितेची पाने घेऊन तिथे उभी राहते. जत्रेच्या नाटकात तिने लहानसहान भूमिका केल्या आहेत. ऑडिशन मात्र आजवर दिलेली नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरू पाहणारी एक संस्था कलाकार निवडणार आहे. ही सारी तयारी त्यासाठी चालली आहे.

घरी कोंकणी बोलणारी माणसे उत्सवाच्या रात्री मराठी नाटक उभे करतात, हे गोव्यात कोणाला नवे नाही. मंगेशी येथे १९०० साली जन्मलेले आणि १९१८ मध्ये सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी स्थापन करणारे मास्टर दीनानाथ मंगेशकर याच तालुक्यातले. देवळाच्या अंगणातला हा रंगमंच आमच्या मते नवख्या नटाची खरी शाळा आहे. तिथे लाज मोडते, पाठांतर पक्के होते आणि प्रवेश चुकला तरी नाटक पुढे न्यायचे असते, हे अंगवळणी पडते.

या शाळेची एक सवय मात्र ऑडिशनच्या खोलीत आड येते. उत्सवी नाटकाचे प्रेक्षक पार खाज्याच्या, म्हणजे जत्रेतल्या मिठाईच्या, दुकानांपर्यंत पसरलेले असतात, त्यामुळे आवाज चढा लागतो, हातवारे मोठे होतात आणि पावले नकळत माइककडे वळतात. निवड करणारे चार पावलांवर बसलेले असतात. तिथे तोच आवाज खोटा वाटतो.

तिच्या संहितेचे हे पान पाहावे. पेन्सिलीच्या उभ्या रेघा म्हणजे श्वास घेण्याच्या जागा. वाक्याचा शेवटचा शब्द ती गिळत असे, म्हणून प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढली आहे, आणि समासात एकच प्रश्न लिहिला आहे: हे मी कोणाला सांगते आहे? उताऱ्यातील बहीण वडिलोपार्जित घर विकायला निघालेल्या भावाशी बोलते. सुरुवातीला तिने तो सगळा उतारा रडवेल्या सुरात म्हटला. तेव्हा गावातील एका ज्येष्ठ नटाने, ज्यांना ती मामा म्हणते, समोर एक रिकामी खुर्ची ठेवली. “बाय, भाऊ इथे बसलाय. तो उठून जाईल, त्याला अडव. रडू यायचे तेव्हा येईल.”

त्यानंतरचे तिचे बोलणे ऐकावे.

दुसरा उतारा मुद्दाम हलकाफुलका निवडला आहे, कारण दोन्हींत एकच सूर लागला तर परीक्षकांना नटाचा आवाका कळत नाही. ऐनवेळी हातात दिलेले पान वाचावे लागते, त्यासाठी ती रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचते; नजरेने वाक्य आधी टिपायचे, मग मान वर करून ते बोलायचे. कोंकणीचा हेल डोकावतो तिथे मामा बोट वर करतात, थांबवत मात्र नाहीत. एवढ्या बारकाईने ऐकणारे माणूस अनेक गावांत सापडते. नवोदितांनी त्याच्याकडे जायला हवे आणि देवस्थानांनी त्यांना मंडपात जागा द्यायला हवी.

पुढे ऑडिशन पणजीत झाली. तिने मागितलेली भूमिका दुसरीला मिळाली, तिच्या वाट्याला शेजारणीची आली. तालमी सुरू झाल्या आहेत. त्या संपतात तोवर गावाकडची शेवटची बस गेलेली असते, आणि तो प्रश्न अजून सुटलेला नाही.