उलटी बाजू दाखव गं

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं कुठं बसून ऐकताय तिथल्या सगळ्यांना नमस्कार.

आज आमच्या बाईंबद्दल बोलायचंय. नाव घेत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. रिटायर होताना शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा फोटो लावूया असं कुणीतरी म्हटलं, तर म्हणाल्या भिंतीत खिळाच मारायचा असला तर आधी घड्याळ लावा, चार महिने झाले खाली ठेवलंय. खानापूरकडच्या एका मराठी शाळेत होत्या. साठीला रिटायर झाल्या, यंदाच्या पावसाळ्यात वारल्या.

टाइमटेबलवर त्यांचे विषय मराठी आणि इतिहास. पण आमच्या लक्षात राहिलेल्या बाई म्हणजे शनिवारच्या, सकाळची शाळा, शेवटचे दोन तास, एक शिवणाचा आणि एक पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा. आणि त्यांचं एकच वाक्य, "उलटी बाजू दाखव गं."

आता ही उलटी बाजू काय भानगड, तर कशिदा. तो धारवाडकडचा कसुती म्हणतात ना, इरकल साडीवर असतो बघा, गोपुर, रथ, तुळशी वृंदावन, हत्ती, तो. कन्नडमध्ये कै म्हणजे हात आणि सुती म्हणजे सूत, त्यावरनं कसुती असं सांगतात. बाई ते शिकल्या शेजारच्या एका कन्नड अक्कांकडनं, बाईंना तेव्हा कन्नड धड येत नव्हतं आणि अक्कांना मराठी नाही, दोघी ओसरीवर बसायच्या आणि अक्का नुसतं "एणिसु, एणिसु" म्हणायच्या, म्हणजे मोज. कारण कसुतीला खरं तर पेन्सिलीनं छापा काढायचा नसतो, कापडाचे धागे मोजत जायचं. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके. त्यातला गवंती आम्हाला पहिला. एक घर सोडत सोडत सुई पुढं न्यायची आणि त्याच वाटेनं परत यायचं, जाताना मोकळी राहिलेली घरं येताना भरायची. गाठ मारायची नाही, सुरुवातीलाही नाही आणि शेवटीही नाही. नीट जमलं तर सुलटं कुठलं आणि उलटं कुठलं कळत नाही.

आणि आम्ही काय करायचो, तर वरनं झकास आणि खाली गाठींचं जंगल. बाई वरची बाजू बघायच्याच नाहीत. कापड हातात घेतलं की पहिलं पालथं, मग कात्री. उसवून टाकायच्या हो, आठवडाभराचं काम! मी एकदा रडले तर म्हणाल्या, "रड, पण सोळा घरं मोजून रड."

हे सोळा पेटीच्या तासातलं. तीनतालाच्या सोळा मात्रा त्या आम्हाला कापडावर मोजायला लावायच्या, चार-चार घरांचे चार विभाग, नवव्या घरावर खाली, तिथं टाळी नाही नुसता हात उघडा करायचा, आणि सोळा संपली की परत पहिल्या घरावर, समेवर. संगीताच्या परीक्षेला बसलेल्या पोरीसुद्धा पुढं एवढ्या पक्क्या नसायच्या, हे मी जरा पार्शल होऊन सांगतेय, पण खरंय. बाईंचा गळा मात्र काही खास नव्हता. तारसप्तकात गेल्या की आम्ही खाली बघायचो.

पेटी मात्र त्यांची. बेळगावात राहून पेटीचं वेड असलं की रामभाऊ विजापुऱ्यांचं नाव निघणारच, ते कागवाडचे, जन्म १९१७ चा, मोठमोठ्या गवयांना साथ केलेले. बाई म्हणायच्या पेटी वाजवावी तर तशी, आपण आपली खोलून साफ करावी. आणि खरंच खोलायच्या. खानापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, जून लागला की लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही, सूर नुसता कोकलत राहतो. म्हणून पेटी कपाटात आणि आत एक बल्ब लावलेला. एखादा सूर गप्प झाला की आम्हाला भोवती बसवून त्या वरची फळी काढायच्या. आत पितळेच्या जिभा ओळीनं. जिभेखाली धुळीचा एक कण अडकला तरी सूर बंद, कागदाची बारीक पट्टी सारून तो काढायचा. सूर उतरला असेल तर जिभेचं टोक किंचित घासायचं म्हणजे चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो. ही पण उलटी बाजूच की.

आणि आता रेडिओवर बसून सांगायला जरा मजा वाटतेय, पण याच रेडिओवर पेटीला बंदी होती. १९४० साली घातली ती १९७१ पर्यंत. का, तर पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, सूर ठोकळ्यासारखे ठरलेले. बाई लहान असताना रेडिओवर गाणं लागलं की त्यांचे वडील म्हणायचे, यात पेटी नाही बघ, आणि मग हे दोघं बापलेक घरच्या पेटीवर त्या गाण्याला साथ करायचे. रेडिओला काय कळतंय! बंदी बरोबर होती का असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, मींडेचं त्यांचं खरंच आहे, पण म्हणून कुणाला तीस वर्षं दाराबाहेर उभं करतात होय.

मातीचं राहिलंच. कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, ज्येष्ठी पौर्णिमेला, शाळा नुकती उघडलेली असायची, पहिलं काम मातीचे बैल. माझ्या बैलाला कायम डुकराचं तोंड यायचं. ते सोडा.

रिटायर झाल्यावर दुपारी गल्लीतल्या बायका त्यांच्याकडं यायच्या, मराठी, कन्नड, दोन उर्दूवाल्या. मी तिकडं गेले की "काय करूलालीस आता?" हा प्रश्न, आणि उत्तर द्यायच्या आत माझ्या ओढणीचं टोक हातात घेऊन पालथं केलेलं. रेडीमेड होती हो, दुकानातली. तरी बघितलं.

त्यांच्या सुनेनं मला मोबाईलवरची एक क्लिप पाठवलीय, दोनेक मिनिटांची, बाई पेटीवर भूप राग वाजवतायत. मध्येच थांबतात आणि कुणाला तरी ओरडतात, "अगं सुई खाली पडली, पाय बघून टाक." आमचे रेकॉर्डिंगवाले म्हणाले तेवढं कापू का. मी नको म्हटलंय. ऐका.