रत्नागिरीचं संगीत नाटक मुंबईत आणताना

(दादर येथे नाट्यरसिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, संगीत नाटकावर जीव असलेल्या मुंबईकरांमध्ये एक वाद नेहमी रंगतो. कोकणातलं किंवा गोव्यातलं एखादं संगीत नाटक तिकडे गाजतं, राज्य संगीत नाट्य स्पर्धेत त्याचं नाव होतं, मग ते दादरला किंवा पार्ल्याला येतं. आणि तिकडचा प्रयोग पाहिलेली माणसं बाहेर पडताना म्हणतात, "तिकडे ऐकलं ते इथे नव्हतं." कुणी म्हणतं पदं, म्हणजे नाटकातली गाणी, कापली, कुणी माइकला दोष देतं, कुणाला मुख्य गायक नट थकलेला वाटतो. या तिन्ही तक्रारी बहुतेक वेळा खऱ्या असतात आणि तिन्हींची कारणं सापडतात. माझं म्हणणं असं आहे, की संगीत नाटक मुंबईत आणायचं तर ते आखूड करून भागत नाही, ते वेळेच्या आणि कानाच्या हिशेबाने पुन्हा बसवावं लागतं.

बाहेरगावचं नाटक मुंबईत येणं ही आपल्या रंगभूमीची जुनीच चाल आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत खेळ केला आणि १८५३ साली त्यांची मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात उतरली. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात उभं राहिलं. केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी १९०८ साली हुबळीला स्थापन झाली आणि त्याच केशवरावांनी बालगंधर्वांबरोबर ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान', म्हणजे दोन्ही कंपन्यांचा एकत्र प्रयोग, केला. मात्र तेव्हाच्या कंपन्या शहरात मुक्कामाला यायच्या. सामान एकदा उतरलं की बरेच दिवस तिथेच राहायचं, गवयाला थिएटरचा अंदाज यायचा, वादकांना हवा कळायची. आज नाट्यगृह मिळतं ते एका सत्रापुरतं. सकाळचं, दुपारचं किंवा रात्रीचं. अर्ध्याहून अधिक अडचणी इथूनच सुरू होतात.

वेळेपासून सुरुवात करू. कोकणात जत्रेला किंवा देवळाच्या उत्सवात नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि संपण्याची कुणाला घाई नसते. मुंबईत रात्रीचा प्रयोग साडेआठला सुरू झाला तर साडेअकराच्या आत पडदा पडायला हवा, कारण प्रेक्षकाला डोंबिवलीची किंवा विरारची गाडी पकडायची असते. एक हिशेब मांडून बघा. समजा नाटकात २२ पदं आहेत आणि सरासरी पद पाच मिनिटांचं आहे. म्हणजे ११० मिनिटं गाणं. गद्य ९० मिनिटं. झाली २०० मिनिटं. दोन मध्यंतरं मिळून २५ मिनिटं धरली तर पावणेचार तास. मुंबईत एक मध्यंतर १५ मिनिटांचं ठेवून एकूण दोन तास पन्नास मिनिटांत बसायचं म्हटलं तर रंगमंचावर १५५ मिनिटं मिळतात. पंचेचाळीस मिनिटं काढायची आहेत.

इथे बहुतेक नाट्यसंस्था एकच चूक करतात. कुणाचंच पद जाऊ नये म्हणून प्रत्येक पदातली दोन-दोन मिनिटं कमी करतात. कागदावर बावीस दुणे चव्वेचाळीस, हिशेब जुळतो. प्रयोगात मात्र एकही पद उभं राहत नाही. अस्थाई म्हणजे पदाचं ध्रुवपद एकदा म्हटलं, अंतऱ्याला म्हणजे पुढच्या कडव्याला स्पर्श केला, समेवर म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आलो, संपलं. राग दिसायच्या आत पुढचं वाक्य येतं. पाच मिनिटांच्या पदात गायकाच्या स्वतःच्या विस्ताराला जेमतेम दोन मिनिटं असतात आणि नेमकी तीच कापली जातात. म्हणून सांगतो, सहा पदं पूर्ण काढा आणि उरलेली सोळा पूर्ण गा. तीस मिनिटं तिथे वाचतात, पंधरा गद्यातून निघतात. सहा कुठली, हे ठरवायची कसोटी साधी आहे. पदानंतर पात्राचा निर्णय किंवा प्रसंगाची दिशा बदलते का? बदलत असेल तर पद राहतं. गद्यात सांगून झालेलीच गोष्ट पुन्हा गाणारं पद, चाल कितीही गोड असली तरी, आधी जातं. प्रवेश संपल्यावर केवळ सेट बदलायला वेळ मिळावा म्हणून घातलेली पदंही जातात.

यावर रसिक म्हणतात, आखूड पदंही चांगली असतातच की. असतात, पण ती मुळात तशी बांधलेली असतात. 'शाकुंतल'च्या काळात पदांची संख्या दोनशेच्या घरात होती. पुढे १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकींनी आटोपशीर पदाचा घाट रुजवला. तिथे चालच कमी वेळात पुरी होईल अशी रचलेली आहे. लांब पदाला कात्री लावून तसा घाट येत नाही.

वन्समोअरसाठी, म्हणजे प्रेक्षकांनी पद पुन्हा मागितलं तर त्यासाठी, दहा मिनिटं राखून ठेवा आणि तो कुठल्या तीन पदांना घ्यायचा हे वादकांसह आधी ठरवा. वन्समोअर आला तर अंतऱ्यापासून घ्यायचं. पूर्ण पद पुन्हा घेतलं की शेवटचा प्रवेश घाईत उरकावा लागतो, आणि नाटकाचा शेवट उरकणं याहून मोठं नुकसान नाही.

आता कानाकडे येऊ. आपल्या गाण्याचा कणा म्हणजे पायाचा ऑर्गन आणि तबला. गावच्या उघड्या मांडवातून किंवा बिनवातानुकूलित नाट्यगृहातून ही वाद्यं मुंबईच्या गार नाट्यगृहात आली की बिघाड ठरलेला. तबल्याचं चामडं दमट हवेत सैल पडतं, सूर उतरतो. एसीच्या कोरड्या हवेत ताणलं जातं, सूर चढतो. ऑर्गनच्या आतल्या रीड, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतात. म्हणजे विंगेत सुरात लावलेला तबला तिसऱ्या घंटेनंतर, नाटक सुरू होताना, ऑर्गनच्या वर गेलेला असतो. उपाय असा: एसी प्रयोगाच्या किमान तासभर आधी सुरू करून घ्या, तबले त्याच हवेत उघडे ठेवा, टेम्पोत किंवा रंगपटात नाही, आणि ते शेवटचे सुरात लावायचे ते दुसऱ्या घंटेनंतर. पहिल्या अंकात दोन पदांच्या मधल्या गद्यात तबलजीला पुन्हा हलकेच तपासायला वाव हवा, हे दिग्दर्शकाने लक्षात ठेवावं.

तबले किती न्यायचे? गायकाचा मूळ सूर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात, त्यालाच त्याची पट्टी म्हणतात. गायक काळी एकमध्ये गात असेल, गायिका पांढरी चारमध्ये आणि दुसरी काळी चारमध्ये, तर तीन तबले हवेत आणि प्रत्येकाला एक बदली. उंच पट्टीला लहान तोंडाचा, खालच्या पट्टीला मोठ्या तोंडाचा. काळी एकला साधारण साडेपाच इंच तोंड चालतं. कुठल्या पदाला कुठला तबला, हे कागदावर लिहून तबलजीच्या समोर चिकटवा. मुंबईत बदली गायिका घेतली आणि तिची पट्टी वेगळी असली, तर ऑर्गनवाला त्या पट्टीत सहज वाजवतो, तबल्याचं तसं होत नाही. हे तालमीतच सोडवायला हवं.

ऑर्गन प्रवासात उभाच ठेवावा, आडवा कधीच नाही. भात्याच्या कापडाला चीर गेली की हवा गळते आणि वादक पाय मारून मारून दमतो. पावसाळ्यात लाकूड फुगून बोटाखालची पट्टी अडकते, तेव्हा एखादा सूर पूर्ण पदभर ओरडत राहतो. त्याच सुरात लावलेली हातपेटी शेजारी तयार ठेवा. आणखी एक बारीक गोष्ट. मुंबईच्या प्रयोगाला भरदार वाटावं म्हणून सिंथेसायझर घेतला जातो. जुने ऑर्गन आजच्या प्रमाण सुराला नेमके जुळलेले नसतात. अशा वेळी सिंथेसायझरचा सूर ऑर्गनला जुळवायचा. त्यात ती सोय असते. ऑर्गनच्या रीड घासून सुरात आणणं हे कारागिराचं काम आहे, प्रयोगाच्या दिवशी होणारं नाही.

संगीत आधीच ध्वनिमुद्रित करून वाजवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. खर्च वाचतो हे खरं. पण मुद्रित ठेक्यावर गायकाला तालाचं एक आवर्तन (एक पूर्ण फेरी) जास्त घेता येत नाही, टाळी आली तर थांबता येत नाही, आणि नटाचा श्वास कमी पडला तर ठेका त्याला सांभाळून घेत नाही. मुंबईच्या निर्मात्याबरोबर भागीदारी करताना साथ प्रत्यक्षच राहील, पदं संस्थेच्या संमतीशिवाय बदलणार नाहीत आणि मूळ गायक-नट राहतील, या तीन गोष्टी लेखी घ्या.

माइकची तक्रार अंतरातून येते. हवेत आवाज दर सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ऑर्गन रंगमंचासमोर एका कोपऱ्यात आणि गायिका पाठीमागे विरुद्ध बाजूला असली, तर तिरकं अंतर दहा-बारा मीटर होतं, म्हणजे तिला ठेका तीस ते पस्तीस सहस्रांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा २५० सहस्रांशांची. गायिका नकळत मागे राहते आणि श्रोत्याला वाटतं तिची लय कच्ची आहे. दोन्ही विंगांत एकेक छोटा मॉनिटर स्पीकर ठेवा, त्यात फक्त तबला आणि ऑर्गन, आवाज बेताचा. छोट्या रंगमंचावर हे कधी लागतच नाही, म्हणून बाहेरगावच्या संस्थेच्या ध्यानात येत नाही.

छातीवर लावलेला माइक शालू आणि मोत्यांच्या माळांवर घासून खडखडतो. गाताना मान वळली की आवाजही कमी-जास्त होतो. केसांच्या कडेला, टोपाखाली लावला तर तोंडापासूनचं अंतर कायम राहतं. घामाने माइकचं तोंड बुजतं, म्हणून मध्यंतरात पुसून घ्या. बॅटरी प्रत्येक प्रयोगाला नवी. रिकाम्या नाट्यगृहात चाचणी घेताना घुमारा जास्त वाटतो, प्रेक्षक बसल्यावर तो शोषला जातो. पण त्या भीतीने यंत्रातून कृत्रिम घुमारा वाढवू नका, पदातली व्यंजनं त्यात विरघळतात. नाट्यगीतात शब्द ऐकू आला पाहिजे. मालवणी, चित्पावनी, गोव्याकडची बोली असेल तर तीही बदलू नका. पहिल्या पाच मिनिटांत वाक्यं थोडी सावकाश टाका, प्रेक्षकाचा कान लागतो.

सेटचं गणित कडक आहे. दुपारचं नाटक पावणेसातला सुटलं आणि तुमचं साडेआठला असेल, तर आधीच्यांचा सेट निघून रंगमंच तुमच्या हाती यायला पाऊण तास जातो. उरलेल्या तासात चाळीस मिनिटं सेट, वीस मिनिटं आवाज. म्हणून सेटच्या भिंतीचा तुकडा, ज्याला फ्लॅट म्हणतात, तो चार फुटांपेक्षा रुंद नको, पाठीमागे रंगाने क्रमांक घाला, बिजागऱ्या अशा घ्या की खिळा ओढला की सुटतील. नाट्यगृहाचा आराखडा आधी मागवा: रंगमंचाची रुंदी, खोली, विंगेतली जागा, सामान चढवायच्या दाराचं माप. तालमीच्या जागेवर चुन्याने तीच मापं आखा. बावीस फुटांच्या रंगमंचावर जमलेला नट बत्तीस फुटांच्या रंगमंचावर समेला मधोमध पोचत नाही. विंगेतून दोन पावलं आधी निघावं लागतं. आरती, निरांजन, कापूर असला तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या आणि आग विझवायचं साधन विंगेत ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं, त्यानंतर तरी याबाबत कुणी ढिलाई करू नये.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पदं काढली असतील तर बदललेली प्रत दाखवणं श्रेयस्कर. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. 'मानापमान'चे लेखक खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांच्या नाटकांवरचे हक्क २००८ अखेर संपले. नंतर कुणी नवी चाल बांधली असेल तर त्या संगीतकाराची परवानगी वेगळी घ्यावी लागते. तिकीट पाचशे रुपयांपर्यंत ठेवलं तर जीएसटी लागत नाही.

गायक थकलेला का वाटतो, याचं उत्तर रस्त्यात आहे. रत्नागिरी ते मुंबई सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. रात्रभर खिडकीच्या वाऱ्यात बसून आलेला गळा सकाळच्या सत्राला उघडत नाही. मंडळी आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईत पोचली पाहिजेत, सामानाचा टेम्पो त्याच्याही आधी, कारण गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना शहरात बंदी असते. शनिवार-रविवारी तीन प्रयोग लावले की हिशेब सुटतो असं व्यवस्थापक सांगतात, पण मुख्य गायकाचा दिवसाला एकच प्रयोग ठेवा. दुसरा लावायचाच असेल तर तयार बदली गायक हवा.

खर्चाचं गणित अगोदर मांडा. समजा भाडं, प्रवास, मुक्काम, कलाकारांच्या नाईट (दर प्रयोगाचं मानधन), ध्वनी-प्रकाश आणि जाहिरात मिळून एक लाख ऐंशी हजार झाले आणि सरासरी तिकीट साडेतीनशे पडलं, तर ५१५ तिकिटं विकली गेल्यावरच खर्च निघतो. नव्या संस्थेला सुरुवातीला आठवड्यातल्या मधल्या वाराच्या तारखा मिळतात, तेव्हा हा आकडा गाठणं अवघड. म्हणून पहिल्या तीन तारखा एकदम मागा, शक्यतो वेगवेगळ्या भागात, म्हणजे गिरगावात साहित्य संघ, पार्ल्याला दीनानाथ, ठाण्याला गडकरी या नाट्यगृहांत, आणि मध्ये पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. पहिल्या प्रयोगाला आलेल्यांनी इतरांना सांगायला तेवढा वेळ लागतो. तुमच्यासारख्या रसिकांचं काम इथे सुरू होतं: दुसऱ्या प्रयोगाचा प्लॅन लागेल, म्हणजे तिकीटविक्री सुरू होईल, त्याच दिवशी तिकीट काढा, आणि पहिल्या प्रयोगातलं कुठलं पद कुठे कमी पडलं हे संस्थेला नाव घेऊन कळवा, म्हणजे पंधरा दिवसांत त्यांना ते सुधारता येईल.