मासे सगळ्यात शेवटी

विषय जाहीर झालाय ‘कमी खर्चात छोटी वनस्पतींची टाकी’. त्यावर येतेच, पण आधी जरा हात वर करा. टाकी आणि मासे एकाच फेरीत घरी आणले, असे किती जण आहेत? अर्ध्याहून जास्त. आता, त्यातले मासे महिनाभर टिकले त्यांचेच हात वर राहू द्या. बघा, भराभर खाली आले.

म्हणून आज माझा एकच हट्ट आहे. मासे सगळ्यात शेवटी. टाकी, माती, वाळू, दिवा, झाडं, मग महिनाभर थांबायचं आणि मगच मासे. खर्च वाचतो तो या क्रमात. थांबायला पैसे पडत नाहीत. घाई केली की औषधं, त्यानंतर नवे मासे, पुन्हा औषधं, आणि शेवटी टाकी माळ्यावर.

मासे मेले की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘पाणी मानवलं नाही.’ हे वाक्य मला फार खटकतं, कारण त्यात चूक माशाची ठरते. पाण्यात नेमकं काय होतं ते बघू. पहिल्या दिवशी पाणी आरशासारखं, सगळे खूश. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं. उरलेल्या खाद्यावर जगणाऱ्या जिवाणूंची ती गर्दी असते, आणि ती आपोआप ओसरते. पण घरची माणसं घाबरून सगळं पाणी बदलतात, खडी नळाखाली घासून धुतात. आठवड्याच्या आत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागतात, पर अंगाशी मिटलेले, कल्ले लालबुंद. हा अमोनिया.

हिशोब मांडूनच दाखवते. माशांच्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. मासा तो बहुतांशी अमोनियाच्या रूपात, मुख्यतः कल्ल्यांवाटे, बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य तळाशी कुजून तेच करतं. ४० लिटरच्या टाकीत तो सगळा साठला तर लिटरमागे १.६ मिलिग्रॅम. आता खरी गंमत पीएचची, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्या मापाची. अमोनियाचा विषारी, मुक्त भाग २५ अंशांना पीएच ७ वर जेमतेम अर्धा टक्का असतो आणि पीएच ८ वर ५ टक्क्यांच्या वर जातो. लिटरमागे मुक्त अमोनिया ०.०५ मिलिग्रॅमपलीकडे गेला की कल्ल्यांना इजा होते. आपल्या हिशोबात पीएच ७ ला तो ०.०१ च्या आत राहतो, पीएच ८ ला ०.०८. त्यामुळे तेवढंच खाद्य आणि तेवढेच मासे असूनही एका घरी निभावतं, दुसऱ्या घरी नाही. आणि दोन्हीकडे म्हणतात, पाणी मानवलं किंवा मानवलं नाही.

हा अमोनिया निस्तरणारे जिवाणू वाळूवर, काचेवर, स्पंजवर घर करून राहतात. काही त्याचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटसुद्धा विषच. ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं आणि रक्त तपकिरी पडतं. हे जिवाणू फार संथ वाढतात, दुप्पट व्हायला एक दिवस किंवा जास्तच लागतो. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात, ते यामुळे. जाता जाता सांगते, नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर नावाचा जिवाणू करतो असं बरीच वर्षं छापलं जायचं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पिरा करतो, हे १९९८ मध्ये दिसलं. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्यानं उरकणारा नायट्रोस्पिरा सापडला. एवढ्या कामाच्या जिवाला आपण दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरतो! नळाच्या पाण्यातलं क्लोरिन जंतू मारण्यासाठीच असतं. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोन-तीनदा हलक्या हातानं पिळून. तो पांढराशुभ्र दिसेपर्यंत धुवायचा नाही.

क्लोरिनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. साधं क्लोरिन उघड्या बादलीत २४ तासांत उडून जातं. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग, असं उडत नाही. तुमच्याकडे कोणतं येतं ते पाणीपुरवठ्याकडे विचारा. क्लोरामाइन असेल तर सोडियम थायोसल्फेटनं क्लोरिन जातं, पण अमोनिया मोकळा होतो. मग अमोनियाही बांधणारं वॉटर कंडिशनर, म्हणजे पाण्यात घालायचं द्रावण, हवं.

झाडं यात कुठे बसतात? झाडांना नायट्रोजन लागतोच, आणि बहुतेक पाणवनस्पती तो नायट्रेटच्या आधी अमोनियमच्या, म्हणजे अमोनियाच्या कमी विषारी, रूपात उचलतात. भरपूर, वाढती झाडं पहिल्या दिवसापासून असली तर जिवाणू तयार होईपर्यंत ती बाजू सांभाळतात. वाढती झाडं, हा शब्द लक्षात ठेवा. दोन शोभेच्या काड्या रोवून हे होत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मांडणी आता भरभर सांगते, लिहून घ्या.

टाकी ४५ बाय ३० बाय ३० सेंटिमीटर, काच ५ मिलिमीटर. काठोकाठ भरली तर ४० लिटर. याहून लहान घेऊ नका, कमी पाण्यात चूक लवकर भोवते. वापरलेली चालेल, फक्त सपाट जागी भरून दोन दिवस गळती बघा. काच, माती, वाळू धरून वजन पन्नासेक किलो होतं, तेव्हा टेबल मजबूत आणि समपातळीत हवं, टाकीखाली थर्माकोल. ऊन थेट येईल अशी खिडकी नको.

तळाला बागेची साधी माती, खत न घातलेली. शेणखत किंवा कंपोस्ट मिसळलेली माती आणलीत तर अमोनियाचा हिशोब पुन्हा सुरू. चाळून घ्या, बादलीत भिजवा, वर तरंगणारा काडीकचरा ओतून द्या, असं तीनदा. थर २ सेंटिमीटरचा. त्यावर ३ सेंटिमीटर वाळू, दाणा १ ते २ मिलिमीटर, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली. पिठासारखी बारीक वाळू घट्ट बसते, खाली हवा जात नाही, माती सडते आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाण्याचा जडपणा आणि पीएच वाढवत राहील. अशी वाळू सोडा.

दिवा घरातलाच, ९ वॉटचा पांढरा एलईडी, ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या रंगाचा, जो साधारण ८०० ते ९०० लुमेन (उजेडाचं माप) देतो. लिटरमागे वीसेक लुमेन झाले, सोप्या झाडांना तेवढं पुरतं. होल्डर आणि वायर पाण्यापासून दूर आणि झाकलेली हवी. वायर प्लगपेक्षा खाली लोंबकळत ठेवा, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगपर्यंत जाणार नाही. टायमर लावा. पहिले चार आठवडे रोज सहा तास, पुढे आठ. जास्त उजेड दिलात तर शेवाळ आधी वाढतं, झाडं मागे पडतात.

गाळणीला एअर पंपवरचा स्पंज फिल्टर. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत एकाच दिशेनं जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरतं.

झाडं लावताना टाकीत चार बोटं पाणी पुरे. तळाचा साठ-सत्तर टक्के भाग पहिल्याच दिवशी भरला पाहिजे, आणि मुख्य खर्च इथेच करा. मागे वॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, वॉटर स्प्राइट. मध्ये क्रिप्टोकोरिन. हॉर्नवर्ट नुसता पाण्यात सोडला तरी वाढतो, आणि सुरुवातीला तोच सर्वांत उपयोगी. काडीच्या झाडांची खालची पानं काढा, प्रत्येक काडी वेगळी, दोन सेंटिमीटर अंतरावर, चिमट्यानं रोवा. जुडी तशीच गाडली तर मधल्या काड्या कुजतात. जावा फर्न आणि अनुबियास मात्र दोऱ्यानं दगडाला किंवा लाकडाला बांधा. त्यांचा जाड आडवा खोडभाग वाळूत पुरला की सडतो. मग वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडा, माती उसळत नाही. वर साल्विनिया, निम्म्या पृष्ठभागापेक्षा जास्त नाही. तिला हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळतो, त्यामुळे ती झपाट्यानं वाढते आणि खालच्या शेवाळाचा उजेड कमी करते.

दुसऱ्या आठवड्यात क्रिप्टोकोरिनची पानं विरघळतील. उपटू नका, मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात. नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेल्या बऱ्याच झाडांचं असंच होतं. सडलेली पानं मात्र रोज काढा.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून दोनदा पाव टाकी पाणी बदला, कारण ओली माती सुरुवातीला बरंच सोडते. पुढे आठवड्याला एकदा, सायफननं, म्हणजे नळीनं पाणी खालच्या बादलीत उतरवून. नुसतं आटलेलं पाणी भरत राहिलात तर क्षार मागेच साठतात.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात पाणी तपासायच्या थेंबांच्या किटनं अमोनिया आणि नायट्राइट तपासा. चिमटीभर खाद्य दोन-तीन दिवस टाकून पुन्हा बघा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच राहिले की मासे आणा. पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला. मासा जाळीनं उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी ओतू नका. आधी तीन-चार रासबोरा, दोन आठवडे थांबून आणखी तीन-चार. किंवा एकटा बेटा मासा. गप्पी हवे असतील तर फक्त नर, नाहीतर चार महिन्यांत पिल्लं कुठे द्यायची हा प्रश्न येईल. गोल्डफिश या टाकीत नको, तो मोठा होतो आणि झाडं उपटतो. कोळंबी ठेवणार असाल तर तांबं असलेलं कुठलंही औषध टाकीत जाता कामा नये. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा.

वेळ संपली. ज्यांच्या टाकीत आज मासे आहेत आणि झाडं नाहीत, त्यांनी घरी जाऊन एक जुडी हॉर्नवर्ट सोडा, खाद्य अर्ध्यावर आणा आणि आठवडाभर रोज पाव टाकी पाणी बदला. क्लोरिन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं.