न्यू ऑर्लिन्सचा सोमवार

नमस्कार मंडळी!

(वाडगा कॅमेऱ्यासमोर धरून)

राजमा-भात वाटतोय ना? हा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा 'रेड बीन्स अँड राइस'. आणि तिथे याचा वार ठरलेला आहे, सोमवार.

का, ते मोरीत सापडतं. सोमवार हा तिथला धुण्याचा वार. वॉशिंग मशीन नव्हतं तेव्हा पाणी तापवा, कपडे घासा, पिळा, वाळत घाला, यातच बायकांचा दिवस जायचा. चुलीपाशी उभं राहायला सवड कुठली? मग रात्री भिजवलेला राजमा सकाळी मंद आचेवर चढवायचा, रविवारच्या हॅमचं उरलेलं हाड त्यात टाकायचं आणि धुण्याला लागायचं. भांडं आपलं रटरटत राहायचं.

त्यात पडतो कांदा, सेलेरी आणि हिरवी ढोबळी मिरची. या तिघांना तिथले लोक 'होली ट्रिनिटी' म्हणतात, थेट ख्रिस्ती धर्मातल्या पवित्र त्रयीचं नाव! शिवाय तमालपत्र, थाईम, थोडं तिखट. दाणे मऊ झाले की त्यातले काही पळीच्या पाठीने भांड्याच्या कडेला चेचायचे. रस दाट होतो तो एवढ्यानेच. मलई नको, पीठ नको. मला याचं फार अप्रूप वाटतं. उरलेलं हाड, मूठभर दाणे, आणि घरभर पोटभर जेवण.

जॅझचा थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याच शहरातला, जन्म १९०१ चा. आपण पत्राखाली 'आपला नम्र' लिहितो, तिथे तो लिहायचा, 'रेड बीन्स अँड राइसली युअर्स'!

आता कपडे मशीनमध्ये धुतले जातात, पण सोमवार हललेला नाही. शहरातल्या कितीतरी रेस्टॉरंटमध्ये त्या दिवशीचा खास पदार्थ हाच. सोबत सॉसेज, फ्राइड चिकन किंवा पोर्क चॉप घेतात, आणि हॉट सॉस हवाच. १९७२ मध्ये शहराजवळच्या अराबीत सुरू झालेल्या पॉपाइज या फ्राइड चिकनच्या रेस्टॉरंट-साखळीत मात्र तो रोज मिळतो.

शाकाहारी मंडळींनो, एक महत्त्वाचं. तिकडे गेलात तर दाणे-भात दिसला म्हणून लगेच मागवू नका. ताटात मांसाचा तुकडा नसला तरी रस हाडाचा असू शकतो. 'हॅम किंवा सॉसेज घालून शिजवलंय का?' असं स्पष्ट विचारा. घरी केलात तर हाड वगळून, थोडी स्मोक्ड पेपरिका घालून बघा. धुराची ती चव बऱ्यापैकी येते.

हा व्हिडिओ मुद्दाम रविवारी टाकतोय. राजमा आत्ताच भिजत घाला.