बदकं मोजायची कशी? नांदूर मधमेश्वरच्या काठावरून

नमस्कार मंडळी. सकाळचे पावणेसात वाजलेत आणि मी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला, चापडगावच्या बाजूला उभी आहे. मागे जे पाणी दिसतंय ते गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्याचं. इंग्रजांच्या काळातला बंधारा हा. तेव्हापासून दोन्ही नद्या इथे गाळ आणून टाकतायत. त्या गाळाची बेटं झाली, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या, आणि बदकांना लागतं ते सगळं आयतं तयार झालं. 1986 साली हे अभयारण्य झालं आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

आत्ता निफाडकडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी उरकत आलीय. याच दिवसांत हे पाहुणे थव्याथव्यानं उतरत असतात.

मला नेहमी विचारतात, ताई, एवढे हजारो पक्षी, सारखे हलतायत, उडतायत, तुम्ही मोजता तरी कसे? की आपलं अंदाजपंचे?

अंदाज असतोच. पण त्या अंदाजाला सवय लावावी लागते. हे बघा.

(ताट कॅमेऱ्यासमोर धरून)

घरातलं जेवणाचं ताट, त्यात ओंजळभर ज्वारी. आता ताट हलवते, तुम्ही तीन सेकंद बघा आणि एक आकडा मनात धरा. धरलात? आता नीट मोजू. दहा दाणे बोटानं बाजूला केले. दहा म्हणजे केवढा पुंजका, तो डोळ्यात साठवा. असे पाच पुंजके म्हणजे पन्नास. आता पन्नासाचा तो तुकडा नजरेनं उचलायचा आणि उरलेल्या ताटावर ठेवत जायचं. एक पन्नास, दोन पन्नास, तीन. बहुतेकांचा पहिला आकडा कमी निघतो. दाट थव्यात आपण नेहमी कमीच मोजतो, कारण मागची बदकं पुढच्यांच्या आड असतात आणि मन ती सोडून देतं. माझ्या पहिल्या मोजणीत मी एका थव्याला तीनशे म्हटलं होतं. मैत्रिणीनं त्याच थव्याचा फोटो काढला होता. रात्री पडद्यावर एकेक टिंब करत मोजलं, तर पाचशेच्या वर गेले. तेव्हापासून पावसाळाभर मी ज्वारीवर सराव करते.

आता पाण्याकडे या. सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरायची. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळी दिसतात आणि तुमची सकाळ वाया जाते. दुर्बिणीनं डावीकडून उजवीकडे एकदाच जायचं, मागे फिरायचं नाही. मध्ये एक खूण धरायची, त्या बेटापर्यंत एक भाग, बेटापासून लव्हाळ्यापर्यंत दुसरा. बरोबर कुणी असेल तर दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि संपेपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही. सांगितला की दुसऱ्याचा आकडा आपोआप तिकडे ओढला जातो.

आणि दलदली भोवत्या आला, तो मोठा शिकारी पक्षी, पाण्यावरून खालून तरंगत येतो ना, तो आला की अख्खा थवा उठतो, दोन चकरा मारतो आणि भलतीकडेच बसतो. अशा वेळी चालू मोजणी सोडून द्यायची. सगळे बसले की पुन्हा पहिल्यापासून. जीवावर येतं, पण तेच करायचं. नाहीतर तीच बदकं दोनदा वहीत येतात.

शरदातली खरी अडचण मोजण्याची नाही, ओळखण्याची आहे. पुस्तकातल्या चित्रात नर बदक कसा दिसतो? थापट्याचं डोकं हिरवंगार, तलवार बदकाच्या मानेवर पांढरी रेघ, भुवई बदकाला ठळक पांढरी भुवई. आणि आत्ता इथे बघा. सगळे तपकिरी! वीण संपली की नर तो झगमगता पिसारा गाळतात आणि काही महिने माद्यांसारखे दिसतात. म्हणजे भुवई बदक येतं तेव्हा त्याची ती भुवईच गायब. मग रंग सोडून द्या, ठेवण बघा. थापट्याची चोच उलथन्यासारखी पसरट. तलवार बदकाची मान लांब आणि शेपटी टोकदार. भुवई बदक अगदी लहान, साडेतीनशे-चारशे ग्रॅमचं, गालावर दोन गडद पट्टे आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. एवढासा जीव मध्य आशिया, सायबेरियाकडून उडत येतो. मला दरवर्षी ते पहिल्यांदा दिसलं की दोन मिनिटं मोजायचं सुचत नाही.

वारकऱ्यांना बदकांत धरू नका. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी पक्षी. पाणकोंबडीच्या कुळातला, वहीत त्याची ओळ वेगळी. आणि जे ओळखता आलं नाही ते 'अनोळखी बदक' म्हणून लिहायचं, आकड्यासकट. लाज वाटायचं काही कारण नाही. ओढूनताणून नाव लावलंत तर पुढे ते कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, 1987 पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, मग हा आत्ता खटाटोप कशाला? ती गणना हवीच. सगळीकडे एकाच सुमारास मोजलं की तोच पक्षी दोन देशांत मोजला जात नाही. पण ती हिवाळ्यात मुक्काम टाकून बसलेल्यांची गणना आहे. भुवई बदकं ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच यायला लागतात आणि त्यातली कितीतरी इथे आठ-दहा दिवस पोट भरून आणखी दक्षिणेला निघून जातात. जानेवारीत मोजणाऱ्याला ती दिसणारच नाहीत. त्या आठ दिवसांत हे पाणी त्यांच्या उपयोगी पडलं, ही गोष्ट कुणी लिहिलीच नाही तर ती घडलीच नाही असं होतं. म्हणून सप्टेंबर ते डिसेंबर, दर पंधरा दिवसांनी, तीच जागा, तीच वेळ.

आणि पाणी किती आहे ते लिहायचंच. (हात दाखवत) तो बाभळीचा वाळका बुंधा दिसतोय? ती माझी मोजपट्टी. आज तो अर्धा बुडालाय. वर गंगापूर, दारणा, पालखेड या धरणांचं पाणी सुटलं की इथली पातळी चढते. ही बदकं बुडी मारत नाहीत, शेपटी वर करून मान पोचेल तेवढ्या पाण्यातच चरतात. पाणी खोल झालं की खाणं हाताबाहेर जातं आणि ती दुसरीकडे सरकतात. नुसता आकडा बघणारा म्हणेल पक्षी घटले. बुंध्याची नोंद असेल तर कळतं, पाणी वाढलं होतं.

घरी गेल्यावर हे सगळं ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर चढवते. सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, किती जण होतो तेही. तिथे आकड्याच्या जागी नुसती फुली टाकता येते, पण टाकू नका. चुकतमाकत का होईना, आकडा लिहा.

(वही उघडून)

ही आजची वही. भुवई बदकं, थापटे, चक्रांग बदकं, प्रत्येकापुढे आकडा आहे. ही शेवटची ओळ पट्टकादंब हंसांची. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. ते अजून आलेले नाहीत, ते येतील नोव्हेंबरनंतर. ओळ मोकळी सोडली तर मी बघितलंच नाही असा अर्थ होईल. म्हणून इथे लिहिते, पट्टकादंब, 0. वेळ आठ वाजून दहा मिनिटं.

पुढची मोजणी पंधरा दिवसांनी, याच काठावर, पावणेसातला. येणार असाल तर गडद कपडे घाला आणि ताटातली ज्वारी आजपासून मोजायला घ्या.