कला शाखेतून संगणकाकडे जाताना

इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान शिकलेली माणसं संगणकाच्या कामाकडे वळतात, तेव्हा बरेचदा स्वतःचं शिक्षण चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवतात आणि मूळ संख्या शोधायचे प्रोग्रॅम लिहीत बसतात. त्या संख्यांचं त्यांना काहीच करायचं नसतं, म्हणून लवकरच हात थांबतो. रॉबेर्तो बुसा हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या लॅटिन लेखनाची शब्दसूची हवी होती, म्हणून ते १९४९ साली आयबीएम या हिशेबयंत्रांच्या कंपनीच्या प्रमुखांना भेटले. पंचकार्डांवर, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डांवर, सुरू झालेल्या त्या कामाचे पुढे ५६ खंड छापले गेले. प्रश्न त्यांचा स्वतःचा होता, म्हणून तो इतकी वर्षं पुरला.

तेव्हा तुमच्याच विषयातला शंभरेक पानांचा मजकूर घ्या आणि कोणता शब्द किती वेळा आला ते पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मोजा. वीसेक ओळी पुरतात: फाइल उघडा, शब्द सुटे करा, विरामचिन्हं झाडा, मोजा, उतरत्या क्रमाने लावा. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, नाहीतर काही संगणकांवर अक्षरांऐवजी कचरा दिसतो.

मजकूर मराठी असेल तर खरं शिक्षण इथून पुढे. ‘क्षण’ची लांबी विचारली की उत्तर चार येतं, यंत्राला क, हलन्त, ष आणि ण दिसतात. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रातलं) शब्दाक्षराचं तयार चिन्ह वापरलंत, तर पायथनसोबत येणारं त्यासाठीचं मूळ मॉड्यूल (तयार कोडचा संच) काना-मात्रांना अक्षर मानत नाही आणि ‘पुस्तक’चे ‘प’, ‘स’, ‘तक’ असे तुकडे करतं. म्हणून शब्द मोकळ्या जागेवर तोडा. ‘दऱ्या’ तर तीन तऱ्हांनी टंकलेला सापडतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, र-ला नुक्ता (खालचं टिंब) देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही सारखे, मोजणीत तीन वेगळे शब्द! युनिकोड या अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीचं एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एका साच्यात आणणं) पहिली दोन रूपं एक करतं. तिसरं तुम्हालाच शोधून बदलावं लागतं. पोथ्यांचे पाठभेद लावलेल्या माणसाला हे काम परकं वाटणार नाही, आणि अशी नजर प्रोग्रॅमिंगच्या वर्गात सहसा शिकवली जात नाही.

चूक आली की पायथनचा लांबलचक संदेश खालून वर वाचा. चूक कोणत्या प्रकारची ते शेवटच्या ओळीत असतं, तिच्या वर ओळीचा क्रमांक. संदेश न वाचताच कुठलं तरी उत्तर आणून चिकटवलं, की एका चुकीच्या दोन होतात.

एसक्यूएल, म्हणजे तक्त्यांतल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा, यानंतर घ्या: ग्रंथ, लेखक, साल एका तक्त्यात, शब्द दुसऱ्यात, आणि दोन्ही जोडून कोणता शब्द कोणत्या दशकात वाढला ते विचारा. प्रत्येक बदल गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात नोंदवा. काय बदललं ते गिट दाखवतंच, नोंदीत का बदललं ते लिहा. मुलाखतीला प्रमाणपत्रांच्या आधी हेच काम पुढे ठेवा, आणि ‘दऱ्या’च्या तिसऱ्या रूपाचं काय केलंत ते उघडून दाखवा.