मशीन शून्य दाखवते तेव्हा

(दृश्य : पांढरकवड्याच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग 44. दिवस बुडालेला. बॅरिकेड, दोन हवालदार, वाहनांची रांग. पडद्यावर सूचना : प्रसंगाचं नाट्यरूपांतर.)

निवेदन :

नागपूरहून खाली आदिलाबादकडे उतरणारा हा रस्ता. दोन्ही अंगाला कपाशी. नाकाबंदीत एक ट्रक थांबवलाय. चालकानं ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या नळीत फुंकलं आणि पडद्यावर आकडा आला, शून्य. दारू नाही. पण बॅरिकेड दिसत असूनही त्यानं ब्रेक फार उशिरा दाबला. लायसन मागितलं, तर खिशातून तंबाखूची पुडी काढून दिली. पापण्या अर्ध्यावर आलेल्या. हवालदार विचारतोय, “कोठून भरला माल?” आणि उत्तर यायला वेळ लागतोय.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 चे दोन भाग आहेत. पहिला दारूचा. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. आकडा ठरलेला, मशीन ठरलेली. दुसरा भाग अमली पदार्थांचा, आणि तिथं आकडाच नाही. चालक अमलाखाली असावा आणि तोही इतका, की गाडीवर नीट ताबा ठेवणं त्याला जमू नये, एवढंच कायदा म्हणतो. शिक्षा दोन्हींना सारखीच. 2019 च्या दुरुस्तीपासून ती अशी : पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

पण ताबा सुटलाय हे मोजायचं कशानं? श्वासाच्या मशीनला गांजा कळत नाही, अफू कळत नाही, झोपेच्या गोळ्याही कळत नाहीत. लघवीत गांजाचे अंश काही दिवस राहतात, रोज ओढणाऱ्याच्या तर काही आठवडे. त्यामुळे लघवीचा अहवाल ‘आहे’ असा आला, तरी त्या रात्री स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाची अवस्था काय होती हे त्यातून सिद्ध होत नाही. उरते ती पोलिसाची नजर. आणि नजर शिकवावी लागते.

(दृश्य : संगणक पडद्यावर डोळ्याच्या बाहुलीची रेखाकृती.)

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांना 1970 च्या दशकात हाच पेच पडला होता. चालक झोकांड्या खातोय, मशीन मात्र त्याला सोडा म्हणते. त्यांनी डॉक्टरांना सोबत घेऊन तपासणीची एक ठरीव पद्धत बसवली. पुढे तिच्या बारा पायऱ्या झाल्या आणि ती तिथं देशभर पसरली. तिची सुरुवात मला फार शहाणपणाची वाटते. नशा शोधण्याआधी आजार शोधायचा. साखर उतरलीय का? डोक्याला मार आहे का? एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसली, तर तपासणी थांबवायची आणि दवाखाना गाठायचा.

मग डोळे. पेनाचं टोक चेहऱ्यापासून तीसेक सेंटीमीटरवर धरायचं, डोळ्यांच्या जरा वर. मान न हलवता नजरेनं पाठलाग करायला सांगायचं. पेन हळू कडेला न्यायचं आणि तिथं किमान चार सेकंद थांबायचं. दारू घेतलेल्याची, झोपेच्या गोळ्या घेतलेल्याची बुबुळं त्या टोकाला थरथरतात, हिसके देतात. गांजानं किंवा अफूनं तसं होत नाही. नंतर तेच पेन नाकाच्या शेंड्याकडे आणायचं. दोन्ही डोळे आत वळायला हवेत. गांजा ओढलेल्याचा एखादा डोळा वळता वळता बाहेर निसटतो. खोलीतल्या उजेडात बाहुली साधारण अडीच ते पाच मिलिमीटर असते. अफूच्या जातीच्या पदार्थांनी ती टाचणीच्या टोकाएवढी होते, उत्तेजक पदार्थांनी मोठी. नाडी तीनदा बघायची, कारण पहिल्यांदा ती पोलिसाच्या भीतीनंही धावते.

रेषेवर टाचेला अंगठा लावून नऊ पावलं जाणं, वळणं, परत येणं, एका पायावर तीस सेकंद उभं राहणं, हे सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. त्यात तोल बघतात, पण सूचना लक्षात ठेवून त्याच वेळी हातपाय चालवता येतात का, हेही बघतात. गाडी चालवणं म्हणजे तेच. मात्र सपाट, कोरडी जागा हवी. खडी उखडलेल्या कडेला, झिजलेल्या स्लिपरा घालून, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर घेत ही परीक्षा घेतली, तर तुम्ही-आम्हीही नापास होऊ.

(दृश्य : कपाशीत पाठीवर पंप घेतलेला माणूस. मग तोच मोटारसायकलवर नाकाबंदीत.)

आता ही सगळी पद्धत विदर्भात आणून बघा.

“काय काका, कोठून येऊन रायले?”

“वावरातून जी, साहेब. दिवसभर फवारा मारला. डोकं गरगरून रायलं.”

टॉर्च मारला तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बोलणं अडखळतंय, गाडी सरळ उभी ठेवता येत नाही. पाठ केलेला तक्ता म्हणेल, अफू. पण मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशी ऑर्गेनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं अंगात गेली तरी बाहुल्या अशाच आवळतात. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. इथल्या नाक्यावर ही शक्यता पुस्तकातली नाही.

फरक सांगतं ते तोंड. अफूनं तोंडाला कोरड पडते. फवाऱ्याच्या विषानं लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी गळतं, घामानं सदरा भिजतो, दंडाचे स्नायू आपोआप फडफडतात. हे दिसलं की पंचनामा बाजूला ठेवायचा आणि 108 लावायचा. सदरा तिथंच उतरवायचा, अंग धुवायचं, आणि धुणाऱ्यानं हातात मोजे घालायचे. दवाखान्यात या विषावरचा उतारा, म्हणजे अ‍ॅट्रोपिन, दिलं की त्याच बाहुल्या मोठ्या होतात. म्हणजे रात्री उशिरा आलेल्या दुसऱ्या पोलिसाला अगदी उलटं चित्र दिसेल. कोणत्या वेळी काय पाहिलं, हे लिहिलेलं नसेल तर दोन्ही नोंदी एकमेकींना खोटं पाडतील.

मे महिन्यात फवारणी नसते, पण उष्माघात असतो. त्यातही माणूस बरळतो.

(दृश्य : ग्रामीण रुग्णालयाचा फाटक. भिंतीवर घड्याळ.)

ट्रकचालकाचं तोंड कोरडं आहे. नाडी मंद. आजाराची, औषधाची काही माहिती तो देत नाही. त्याला अटक झाली. आता घड्याळ सुरू. कलम 202 म्हणतं, 185 खाली अटक केलेल्याची नोंदणीकृत डॉक्टरकडून दोन तासांत तपासणी झाली पाहिजे, नाही तर त्याला सोडावं लागेल. शहरात दोन तास भरपूर. इथं आधी पोलिसांची गाडी मोकळी हवी, मग रुग्णालयात डॉक्टर हजर हवेत. आपल्या कायद्यात नशा ओळखणारा खास प्रशिक्षित हवालदार असं पद नाही. म्हणून जो पहिला समोर होता, त्याचं लिहिणं आणि डॉक्टरचा कागद यांवरच पुढचं सारं उभं राहतं. सीलबंद रक्त न्यायसहायक प्रयोगशाळेत जाईल, पदार्थ कोणता ते कदाचित कळेल. ताबा सुटला होता का, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

आणि ठाण्यात काय लिहिलं जातं? ‘चालक नशेत असल्याचे दिसून आले.’ बस. या एका ओळीवर खटला टिकेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. तिच्या जागी असं हवं : ‘वेळ 20.40. बॅरिकेड ओलांडून ट्रक थांबला. दोन्ही बाहुल्या बारीक, टॉर्चच्या उजेडात बदल नाही. तोंड कोरडे, लाळ-घाम नाही. नाडी मिनिटाला 54. नऊ पावलांत तीनदा रेषा सोडली. जागा डांबरी, सपाट. पायात बूट. मधुमेह विचारला, नाही म्हणाला.’

यात ‘नशा’ हा शब्द कुठंही नाही. उलटतपासणीत बचावाचा वकील उजेडाबद्दल विचारेल, रस्त्याबद्दल विचारेल, पायातल्या चपलेबद्दल विचारेल. फवारणीचा हंगाम असेल, तर माझ्या अशिलाच्या तोंडाला लाळ होती का, तुम्ही बघितलं का, हेही विचारेल. त्याचं उत्तर रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी लिहिलेलं असलं पाहिजे. साक्षीच्या दिवशी आठवून चालणार नाही.